मानेवरचे दोन काटे

मागच्या फेब्रुवारीत, पन्हाळ्याच्या पायथ्याच्या आमच्या रानात ऊस तुटून गेला आणि काकांनी पाचट पेटवलं. वारं फिरलं, धूर बांधावरच्या पिंपळाला लागला आणि आग्या मोहोळ उठलं. काकांना चाळीसभर काटे बसले. मला दोनच, मानेवर.

"चुना लाव, उतरंल," शेजारी म्हणाले. मलाही तसंच वाटलं. आदल्या वर्षी एक माशी चावली होती, तेव्हा हात दोन दिवस सुजला होता, एवढंच.

दहा मिनिटांत तळहातांना खाज सुटली. मग पोटावर, मांड्यांवर गांधी उठल्या. तिथं तर माशी बसलीसुद्धा नव्हती. आवाज घोगरा झाला, आवंढा गिळेना, डोळ्यांपुढं अंधारी आली. चुलतभावानं मला मोटारसायकलवर मधे बसवून आणलं. रक्तदाब घसरलेल्या माणसाला बसवायचं नसतं, आडवं ठेवून पाय उंच करायचे असतात, हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं.

वाटेतल्या एका दवाखान्यात नुसतं खाजेचं इंजेक्शन दिलं आणि "थोडं बसा" म्हणाले. त्या वीस मिनिटांचा राग अजून जात नाही. भाऊ आणखी थांबला नाही, तिथनं गाडी करून त्यानं मला कोल्हापूरला आणलं. तिथं पोचल्या पोचल्या मांडीत अ‍ॅड्रेनॅलिन दिलं, ०.५ मिलिग्रॅम. छाती धडधडायला लागली, हात थरथरले आणि काही मिनिटांत श्वास मोकळा झाला. "पाणी" म्हणालो, तो आवाज माझा होता. त्रास काही तासांनी उलटून येऊ शकतो, म्हणून रात्रभर ठेवून घेतलं.

डॉक्टरांनी नीट समजावलं. विषातलं मेलिटिन पेशींची आवरणं फोडतं, म्हणून एवढी आग होते. पण माझा जीव जात होता तो विषानं नव्हे. आदल्या वर्षीच्या एका काट्यानं शरीरानं या विषाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवली होती. या वेळी त्यांनी सगळ्या अंगात एकदम हिस्टामिन नावाचं रसायन सोडायला लावलं, रक्तवाहिन्या सैल पडल्या, घसा सुजला.

काकांना अ‍ॅलर्जी नव्हती, पण विष भरपूर गेलेलं. एवढ्या काट्यांनी स्नायू आणि रक्तपेशी फुटून मूत्रपिंडं बंद पडू शकतात, म्हणून लघवीचा रंग, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन असं दोन-तीन दिवस तपासत राहिले. सुदैवानं ठीक निघालं. त्यांच्या पाठीतले काटे काकूनं जागेवरच नखानं खरवडून काढले होते, ते बरं झालं. काट्याला विषाची पिशवी चिकटलेली असते आणि माशी उडून गेल्यावरही ती विष आत ढकलत राहते. चुना शोधण्यात नेमका तोच वेळ जातो.

आता रानात जाताना डब्याच्या पिशवीत अ‍ॅड्रेनॅलिनची कुपी आणि सिरिंज असते. ती वापरायची कशी हे डॉक्टरांनी बायकोलाही शिकवलंय. दर महिन्याला ती वेगळ्या सिरिंजमध्ये पाणी ओढून अर्ध्या मिलीच्या रेषेवर थांबते, आणि मला उजेडात धरून दाखवते.