अलिबागकडची बेने इस्रायली कबरस्तानं : जायचं असेल तर

बेने इस्रायली म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांची कबरस्तानं पाहायला जानेवारीत गेलो ते बरं झालं. पावसाळा सरल्या सरल्या गेलात तर गुडघाभर गवतात कबरी सापडायच्या नाहीत, पाय मात्र भलत्याच जागी पडेल.

गेटवेहून मांडव्याची बोट, पुढे बसने अलिबाग आणि तिथून दिवसभरासाठी रिक्षा. ‘ज्यू सिमेटरी’ म्हटल्यावर रिक्षावाल्याचा चेहरा कोरा. ‘इस्रायल लोकांचं कबरस्तान’ म्हटलं, आणि त्याने किक मारली.

आधी नवगाव, थळ आणि किहीमच्या मधे. परंपरा अशी की इथल्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, वाहून आलेली प्रेतं इथंच पुरली. वाचलेल्यांच्या वंशजांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी बंद ठेवले, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. आता तिथं स्मारकस्तंभ आहे. फोटो सगळे त्याचाच काढतात. मला जुने, बिननावाचे उंचवटे जास्त खिळवून ठेवणारे वाटले. ते दगडमातीचे ढीग समजून त्यांवर चढू नका.

नवगावला निदान येणारे-जाणारे आहेत. आडगावांतल्या छोट्या जागांचं तसं नाही. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, मग गवत कापणार कोण? अशाच एका ठिकाणी कलंडलेला दगड दिसला. वर हिब्रू, खाली मराठी, दोन्ही शेवाळलेलं. आडनावातलं फक्त ‘कर’ वाचता येत होतं. शेवाळ खरवडायला हात शिवशिवतो, पण घासू नका, चुना-खडूही फासू नका. दगडाचे पापुद्रे निघतात. खिशातला आरसा काढून बाजूने तिरपं ऊन पाडलं, तशी एकेक अक्षराची कड उठली : झि, रा, ड. झिराडकर.

सनावळीचं गणित सोपं आहे. हिब्रू वर्षातून ३७६० वजा करा : ५७०० म्हणजे १९४०. मृत्यू रोश हशाना (सप्टेंबर-ऑक्टोबरात येणारं ज्यूंचं नववर्ष) ते डिसेंबरअखेर यांच्या दरम्यानचा असेल तर आणखी एक वजा.

शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस असतो, तेव्हा जाऊ नका. फाटकाला कुलूप असेल तर भिंतीवरून उडी मारण्यापेक्षा अलिबागच्या इस्रायल आळीत, मागेन अबोथ सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात) विचारा. डोकं झाकायला रुमाल हवा. कबरीवर फुलं नाही, लहानसा खडा ठेवतात. बाहेर पडताना हात धुवायचे असतात, तेव्हा पाण्याची एक बाटली त्यासाठी राखून ठेवा. आम्ही सगळं पाणी पिऊन बसलो होतो.

रेवदंड्याचं बेथ एल सिनेगॉग वेळेअभावी राहिलं. दोन दिवस काढूनच या.

परतताना मांडव्याच्या रस्त्यावर झिराडची पाटी लागली. सकाळीही ती तिथंच असणार.