बदल अर्ज, परिशिष्ट एक आणि मी – माझा अनुभव

संस्थेचा सचिव कसा झालो ते सोडा, आमच्याकडे जो मीटिंगला वेळेवर येतो त्यालाच करतात. संस्था जुनी, मुलींचं वसतिगृह चालवते, १८६० चा सोसायटी कायदा आणि आपला १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा अशा दोन्हीखाली नोंदलेली, म्हणजे धर्मादाय कार्यालयात एफ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असलेली. काम चांगलं चाललेलं होतं. बँकेत सह्या बदलायला गेलो तेव्हा कळलं कागदावर काय चाललंय ते. मॅनेजर म्हणाले ठराव ठीक आहे हो, पण परिशिष्ट एकच्या उताऱ्यात तुमचं नाव कुठंय? उतारा काढला तर त्यातली निम्मी माणसं हयातच नव्हती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, धर्मादाय कार्यालयाच्या रजिस्टरमधलं हे परिशिष्ट एक म्हणजे संस्थेचा सातबाराच समजा. विश्वस्त कोण, मालमत्ता काय, सगळं त्यात. विश्वस्त (आमच्याकडे कार्यकारिणीचे सदस्य तेच विश्वस्त) बदलला की १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यायचा असतो, बोलताना सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. आमच्याकडे निवडणुका दर पाच वर्षांनी झाल्या, पेढे वाटले गेले, अर्ज मात्र कुणीच दिला नाही, प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने दिला असेल किंवा सीए बघत असतील, आणि सीए बिचारे फक्त ऑडिट बघत होते.

वकिलांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की शेवटचा एकच अर्ज देऊन चालणार नाही, सगळ्यात जुन्या बदलापासून एकेक करत यायचं, कारण आधीची कार्यकारिणी रेकॉर्डवर आल्याशिवाय तिने बोलावलेल्या सभेला आणि त्या सभेत निवडलेल्या लोकांना आधार काय? आणि उशिराच्या प्रत्येक अर्जासोबत विलंब माफीचा अर्ज वेगळा. त्यात "नजरचुकीने राहिलं" एवढंच लिहून भागत नाही, कारण द्यावं लागतं आणि ते शपथेवर.

मग कागद गोळा करायचं काम सुरू झालं, आणि खरा वेळ इथेच गेला. परिशिष्ट तीनचा, म्हणजे बदल अर्जाचा, फॉर्म भरायला फार वेळ लागत नाही, सोबत काय काय लागतं ते बघा : सभेची नोटीस, ती सभासदांना मिळाली याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, प्रोसिडिंग बुकातलं इतिवृत्त, गेलेल्यांचे मृत्यूचे दाखले, सोडलेल्यांचे राजीनामे, नव्यांची संमतीपत्रं, जुन्यांची ना हरकत शपथपत्रं. एका माजी उपाध्यक्षांचा राजीनामा तोंडी होता! काका म्हणाले अरे मी सगळ्यांसमोर बोललो होतो की. नशिबाने इतिवृत्तात ते लिहिलेलं होतं आणि त्यांनी लगेच शपथपत्रही करून दिलं.

संस्थेची घटना, म्हणजे नियमावली, मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचली, आणि माझं मत आहे की कार्यकारिणीत येणाऱ्या प्रत्येकाला होकार घ्यायच्या आधी ती वाचायला द्यावी. नोटीस किती दिवस आधी, गणपूर्ती किती, मतदान कोणाला, सगळं त्यात असतं आणि सुनावणीत नेमकं हेच तपासलं जातं. आमच्या एका सभेला गणपूर्ती नव्हती, तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच जागी घेतलेली. तशी तरतूद आमच्या घटनेत आहे म्हणून वाचलो, आणि वीस वर्षांपूर्वीच्या सचिवांनी तहकुबीची वेळसुद्धा सुवाच्य अक्षरात लिहून ठेवली होती म्हणून. त्या बाईंना मी मनातल्या मनात किती वेळा नमस्कार केला असेल! नंतरच्या एका टर्मचं इतिवृत्त मात्र "सर्वानुमते निवड झाली" एवढ्या एका ओळीचं, कोणाची झाली ते नाही. तिथे हजर असलेल्यांची शपथपत्रं जोडावी लागली.

ऑनलाइन भरणं, मग हार्ड कॉपी, नोटिसा, तारखा, हे सगळं इतरांसारखंच, लिहिण्यासारखं काही नाही. हरकत कुणाची आली नाही ही मोठी गोष्ट, कारण हरकत आली की साक्षीपुरावा, उलटतपासणी सुरू होते आणि मग वर्षं जातात.

या काळात कार्यकारिणी थांबलेली नव्हती, आणि मी कायदा वाचत असल्यामुळे प्रत्येक मीटिंगला काहीतरी अडवायचो. हॉल पाच वर्षांच्या लीजवर द्यायचा ठरत होता, मी कलम ३६ काढलं, इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त लीजवर द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. बांधकामाला कर्ज काढू म्हणाले, त्यालाही मंजुरी. पतसंस्थेत व्याज जास्त मिळतं म्हणून ठेव तिकडे हलवायचा विषय आला, तर पैसे कुठे गुंतवायचे हे कलम ३५ ने बांधून दिलंय आणि परवानगीशिवाय पतसंस्था त्यात बसत नाही. अध्यक्षांच्या भाच्याला रंगकाम द्यायचं होतं तेव्हा खोलीत जरा शांतता झाली, कारण विश्वस्ताच्या नातेवाइकाला बाजारभावापेक्षा जास्त पैसे गेले तर आयकराची सूट धोक्यात येते आणि त्या व्याख्येत भाचाही येतो. शेवटी तीन कोटेशन मागवली, भाच्याचं सगळ्यात कमी निघालं, अध्यक्ष चर्चेच्या वेळी बाहेर बसले आणि तेही इतिवृत्तात लिहिलं. मला "कलमवाले" म्हणायला लागले, म्हणू देत.

आमच्यातले दोन-तीन जण अगदी प्रामाणिकपणे म्हणायचे की आम्ही मानधन घेत नाही, फुकट सेवा करतो, आम्हाला कसली जबाबदारी. मी त्यांना त्याच १९५० च्या कायद्याचं कलम ४१ ड वाचून दाखवलं, सतत हिशेब न देणं, आदेश मुद्दाम न पाळणं, विश्वासघात, गैरव्यवहार अशा कारणांवरून विश्वस्ताला निलंबित करता येतं, काढूनही टाकता येतं, आणि मानधन घेत नव्हतो हा काही त्यावरचा बचाव नाही. ३१ मार्चचे हिशेब सहा महिन्यांत ऑडिट करून घ्यायचे असतात, ही तारीख सीएला माहीत असते हे खरं, पण चुकली तर विचारणा विश्वस्तांकडे होते.

बदल अर्ज मंजूर झाल्याचे आदेश एकामागून एक आले. नक्कल घेतली, परिशिष्ट एकवर नोंदी चढल्या, नवा उतारा बँकेत दिला, सह्या बदलल्या, मग आयकर पोर्टलवरची माहिती बदलली कारण तिथेही जुनेच सचिव होते आणि पाच वर्षांनी करायचं आयकराच्या नोंदणीचं नूतनीकरण तोंडावर आलेलं.

४१ ड वाचून दाखवल्यावर एका सदस्यांनी पुढच्याच मीटिंगला राजीनामा दिला, लेखी. म्हणजे परत बदल अर्ज. तो मात्र ९० दिवसांच्या आत दाखल झालाय.