तुम्ही विचारलंत म्हणून: चेंडूला हात न लावणाऱ्यावर एवढा पैसा का?

माझा मुलगा हायस्कूलच्या संघात अमेरिकन फुटबॉल खेळतो आणि लेफ्ट टॅकलच्या जागी उभा राहतो, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. सांगलीहून मामा फोनवर विचारतात, इथे कॅन्ससमध्ये मंडळाच्या गणपतीत नव्याने भेटणारे विचारतात: "तो चेंडू फेकत नाही, झेलत नाही, घेऊन पळतही नाही. मग करतो काय? आणि टीव्हीवरच्या संघांत अशा माणसाला एवढे पैसे कशाचे देतात?" आरतीला उभं असताना याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून निवांत लिहायला बसले.

पैशांचं आधी सांगते. 2021 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ट्रेंट विल्यम्सने 6 वर्षांसाठी 13 कोटी 80 लाख डॉलर्सचा करार केला. तेव्हा तो 32 वर्षांचा होता. तो लेफ्ट टॅकल आहे.

आता मांडणी. चेंडू ज्यांच्याकडे असतो त्या संघाचे 11 जण मैदानात असतात. त्यातले पाच जण पुढे एका रेषेत उभे राहतात: मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड आणि कडेला टॅकल. सेंटर दोन पायांमधून चेंडू मागे देतो, तो स्नॅप. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन मागे सरकतो आणि फेकायला कुणी मोकळं आहे का ते बघतो. बहुतेक क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकतात. त्यामुळे फेकायला उभं राहिलं की त्यांची पाठ डावीकडे होते. तिकडून धावत येणारा माणूस त्यांना दिसत नाही. 18 नोव्हेंबर 1985 च्या रात्री न्यू यॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरने वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइझमन याला पाडलं, पायाचं हाड मोडलं आणि थाइझमन पुन्हा कधी खेळला नाही. डाव्या कडेला कोण उभं आहे याची काळजी किती करावी लागते, हे त्या सामन्याने देशभरातल्या टीव्हीवर दाखवलं.

तर लेफ्ट टॅकल पाठराखण करतो. पण कशी? मला यातलं सगळ्यात जास्त आवडतं ते इथेच. लोकांना वाटतं, मोठं शरीर आडवं घातलं की झालं. एकदा सरावाला जाऊन बघा. आमच्या शाळेच्या मैदानावर सर एका पांढऱ्या रेघेवर मुलांना उभं करतात आणि प्रत्येकाच्या दोन्ही मुठींत एकेक टेनिस बॉल देतात. मुठीत बॉल असला की समोरच्याचा शर्ट पकडता येत नाही, मग सगळं काम पायांनी करावं लागतं. उजव्या पायाने जमीन ढकलायची, डावा पाय मागे आणि थोडा बाहेर टाकायचा, मग उजवा ओढून घ्यायचा. याला किक-स्लाइड म्हणतात. पाय एकमेकांना चिकटता कामा नयेत, ओलांडणं तर लांबच. कंबर खाली, पाठ सरळ, डोकं मागे. आणि हे सगळं उलटं सरकताना करायचं, समोरून येणारा मात्र सरळ पळत येतो. माझ्या मते या खेळातली सगळ्यात अवघड चाल हीच.

पहिला नियम असा की आतली वाट द्यायची नाही. बाहेरून वळसा घालून येणाऱ्याला लांबचा पल्ला आहे. तेवढ्यात त्याला ढकलत क्वार्टरबॅकच्या मागे नेऊन सोडता येतं, क्वार्टरबॅक दोन पावलं पुढे सरकतो आणि तो बिचारा मागून निघून जातो. आतून आला तर वाट सरळ आणि जवळची. म्हणून टॅकल समोरच्याच्या अगदी नाकासमोर उभा राहत नाही, त्याच्या आतल्या खांद्यासमोर राहतो. घाई करून बाहेर वळला, कुल्ले उघडले, की आतलं दार सताड उघडं.

मग हात. टॅकलचा पंच म्हणजे ठोसा नव्हे, तळव्यांनी छातीवर मारलेला धक्का, आणि तो कधी मारायचा यातच त्याचं कसब. लवकर मारला तर समोरचा हात झटकून बाजूने जातो. उशीर झाला तर तोच छातीत घुसतो. मामांना मी हे कबड्डीतून सांगितलं, ते लगेच समजले, कारण ते स्वतः तालुक्याच्या संघात कोपऱ्यात खेळलेत. कोपऱ्यातला गडी चढाईवाल्याच्या हुलकावणीला भुलून आधी झेपावला की गेला. त्याने नजर पायांवर ठेवून थांबायचं असतं. टॅकलचंही तेच. म्हणून जाणते खेळाडू दोन्ही हात एकदम टाकत नाहीत. एक हात आधी, दुसरा राखून. पहिला झटकला गेला तरी दुसरा शिल्लक राहतो. आणि समोरचा वळसा न घालता सरळ छातीवर चाल करून आला, तर उडी मारल्यासारखं थोडं मागे जाऊन बूड खाली बसवायचं, हात खालून वर घालायचे आणि तिथेच रुतायचं. या सगळ्यात पकडलं तर होल्डिंग आणि संघाला 10 यार्ड मागे जायची शिक्षा. सिअ‍ॅटलचा लेफ्ट टॅकल वॉल्टर जोन्स 180 सामने खेळला आणि एवढ्या सामन्यांत त्याच्याविरुद्ध होल्डिंग फक्त 9 वेळा दिलं गेलं. पाय नेहमी वेळेवर पोचत असले तरच हे होतं.

पण पैसे या कौशल्याला मिळतात असं म्हणणं अपुरं आहे. पैसे मिळतात ते वाचलेल्या माणसाचे. टॅकल कच्चा असेल तर प्रशिक्षकाला त्याच्या मदतीला कुणीतरी द्यावं लागतं: टाइट एंडला, म्हणजे एरवी पासही झेलणाऱ्या गड्याला, शेजारी उभं करायचं, नाहीतर रनिंग बॅकला, म्हणजे एरवी चेंडू घेऊन पळणाऱ्याला, मागे थांबवायचं. मदतीला गेलेला तो माणूस पास झेलायला पुढे पळू शकत नाही. पाच जणांच्या जागी चारच पळतात, आणि त्या चौघांवर लक्ष ठेवायला समोर सात जण मोकळे. टॅकल पक्का असेल तर त्याला एकटा सोडता येतो, आणि प्रशिक्षकाच्या वहीतली निम्मी पानं तेव्हा कुठे उघडतात.

आमच्या कॅन्सस सिटी चीफ्सचंच बघा. फेब्रुवारी 2021 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यात, पॅट्रिक महोम्ससारखा क्वार्टरबॅक असताना संघ टँपा बेविरुद्ध 31-9 ने हरला, एकही टचडाउन झालं नाही. लेफ्ट टॅकल एरिक फिशरची टाच दोन आठवडे आधी, बफलोविरुद्धच्या सामन्यात गेली होती. राइट टॅकल मिचेल श्वार्ट्झ त्याआधीच जायबंदी. मग माइक रेमर्सला डावीकडे उभं केलं. हा तोच रेमर्स, जो फेब्रुवारी 2016 च्या सुपर बोलमध्ये कॅरोलायनाचा राइट टॅकल होता, आणि त्या दिवशी डेन्व्हरच्या व्हॉन मिलरने कॅरोलायनाचा क्वार्टरबॅक कॅम न्यूटन याच्या हातातून दोनदा चेंडू उडवला होता. मला रेमर्सला नावं ठेवायची नाहीत. मोठ्या मंचावर दोन वेळा सगळ्यात अवघड काम त्याच्या वाट्याला आलं. त्या रात्री महोम्स सतत पळत होता. पळता पळता, जमिनीला जवळजवळ आडवा होऊन त्याने फेकलेला एक पास अजून डोळ्यांसमोर आहे.

संघाने ते मनावर घेतलं. तीन महिन्यांच्या आत बॉल्टिमोरला ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली, आपली पहिल्या फेरीची निवड देऊन ऑर्लँडो ब्राउनला लेफ्ट टॅकल म्हणून आणलं, जो थूनीला गार्ड म्हणून घेतलं, ड्राफ्टमध्ये सेंटर आणि आणखी एक गार्ड उचलला. फेब्रुवारी 2023 मध्ये समोर फिलाडेल्फिया होती. त्या मोसमात तिने प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकना 70 वेळा पाडलं होतं. त्या अंतिम सामन्यात महोम्स एकदाही पडला नाही. मैदान निसरडं होतं हे खरं, आणि त्याचा फटका धावत येणाऱ्यांना जास्त बसतो, हेही खरं. तरी शून्य म्हणजे शून्य. चीफ्स 38-35 ने जिंकले.

एकटा लेफ्ट टॅकल संघ तारू शकतो, असं मात्र मी म्हणत नाही. क्लीव्हलँडचा जो थॉमस सलग 10,363 स्नॅप एकही न चुकवता खेळला, 2023 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला, आणि त्याला प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा, एकही सामना खेळायला मिळाला नाही. आणि आता संघ चांगला रशर, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाणारा, उजवीकडेही पाठवतात, म्हणून राइट टॅकलचे पगारही वाढलेत. तरीही डावी बाजू उघडी पडली की काय होतं, ते फेब्रुवारी 2025 च्या सुपर बोलमध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध पुन्हा दिसलं. चीफ्सना त्या मोसमात लेफ्ट टॅकल सापडलाच नाही. तरुण खेळाडू आजमावले, आणि शेवटी आपल्या जागी उत्तम खेळणाऱ्या थूनीला गार्डवरून बाहेर आणलं. त्याने डावी कड सांभाळायचा मनापासून प्रयत्न केला. पण फिलाडेल्फियाला जादा माणूस पाठवण्याची गरजच पडली नाही. एकही ब्लिट्झ (जादा माणसांची चाल) न करता, पुढच्या चौघांनीच बहुतेक काम केलं, आणि महोम्स 6 वेळा पडला. चीफ्स मध्यंतराला 24-0 ने मागे, शेवटी 40-22 ने हरले.

त्याच सामन्यात पलीकडच्या डाव्या कडेला जॉर्डन मायलाटा होता. सिडनीत रग्बी लीग खेळणारा, 6 फूट 8 इंचांचा मुलगा. 2018 मध्ये फिलाडेल्फियाने त्याला ड्राफ्टच्या सातव्या फेरीत घेतलं, तेव्हा तो अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. स्टान्सपासून, म्हणजे उभं राहण्याच्या ढबीपासून, किक-स्लाइडपर्यंत सगळं प्रशिक्षक जेफ स्टाउटलँडने त्याला पहिल्यापासून शिकवलं. माझ्या मुलाच्या खोलीत पोस्टर मायलाटाचं आहे, आणि चीफ्सच्या गावात राहून ते लावल्याबद्दल मला त्याचा अभिमान वाटतो.

त्या पराभवानंतर काही आठवड्यांतच चीफ्सनी थूनीला शिकागोला देऊन टाकलं. एप्रिल 2025 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत त्यांनी ओहायो स्टेटचा जॉश सिमन्स घेतला. आदल्या मोसमात गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने त्याचं खेळणं मध्येच थांबलं होतं, तरीही घेतला. तो लेफ्ट टॅकल आहे.