राणी शोधायचीच नाही : एंडप्लेचा हंगाम

पेरणीपासून कापूस वेचणीपर्यंत मी ब्रिज या पत्त्यांच्या खेळातली एकच गोष्ट धरून बसले: एंडप्ले, म्हणजे शेवटी विरोधकालाच हात देऊन त्याला आपल्या फायद्याचं पान उतरायला लावणं. बोलीत (किती हात करू हे आधी सांगण्यात) नवं काही घेतलं नाही. दादाला (वर्ध्याचा मावसभाऊ, माझा भिडू) आणखी दोन कन्व्हेन्शन (भिडूशी आधी ठरवलेल्या खास अर्थाच्या बोली) घालायची होती, पण मी त्याला थांबवलं. स्टेमन, ट्रान्सफर आणि ब्लॅकवूड आमचे पक्के आहेत. आमचे गुण जात होते ते खेळताना, बोलीत नव्हे. आम्ही दोघं २१ वर्षांखालच्या गटात बसतो. त्या गटातल्या शहरी जोड्या रोज टेबलावर समोरासमोर बसून खेळतात, आम्ही एरवी ब्रिज बेस ऑनलाइनवर भेटतो, तेही आमच्या गावात रेंज असेल तर. मग रेंज नसतानाही होईल असा सराव हवा होता.

तो दारव्ह्याच्या काकांनी दिला. काका बँकेतून निवृत्त झालेले आहेत, नागपूरला असताना ब्रिज शिकले. त्यांचा नेम साधा: डाव संपला की पानं उचलायची नाहीत, आधी चारही हात, म्हणजे चौघांची पानं, आठवून कागदावर लिहायचे. सुरुवातीला माझं स्वतःच्या तेरा पानांपलीकडे फार जात नसे. मग काकांनी पानांची विभागणी, म्हणजे एकाकडे चार रंगांची किती-किती पानं, आकड्यांत पाठ करायला लावली. ४-४-३-२ सगळ्यात जास्त वेळा येते, शंभरात २१-२२ वेळा. त्यानंतर ५-३-३-२, मग ५-४-३-१. हे आकडे तोंडात बसले की प्रत्येक पान मोजत बसावं लागत नाही. एखाद्याचे तीन रंग कळले की चौथा आपोआप उघडा पडतो. आता मी दोन्ही विरोधकांची विभागणी बहुतेक डावांत बरोबर लिहिते. लहान पानं अजून निसटतात, पण दश्शीपासून वर सहसा काही सुटत नाही.

हे सगळं कामी आलं ते नागपूरच्या टीम स्पर्धेत. हा डाव नीट लिहून ठेवते.

माझ्याकडे, म्हणजे दक्षिणेला: इस्पिक एक्का, राणी, गुलाम, दश्शी, चव्वी, बदाम सत्ती, पंजी, चौकट राजा, छक्की, दुर्री, किलवर एक्का, गुलाम, तिर्री. समोर डमीत (दादाची टेबलावर उघडी मांडलेली पानं): इस्पिक राजा, नव्वी, अठ्ठी, तिर्री, बदाम गुलाम, छक्की, चव्वी, चौकट एक्का, अठ्ठी, तिर्री, किलवर राजा, दश्शी, चव्वी.

मी एक इस्पिक बोलले, पश्चिमेनं दोन बदाम अशी बोली दिली, दादानं सरळ चार इस्पिक, म्हणजे इस्पिक हुकूम आणि तेरापैकी दहा हात करायचे. आम्ही व्हल्नरेबल होतो (डाव जमला तर बक्षीस जास्त, पडला तर दंडही जास्त). पश्चिमेनं बदामाचा एक्का, राजा आणि राणी अशी ओळीनं उतारी केली. तिसऱ्या हाताला मी इस्पिकाच्या दश्शीनं मारलं. बदामाचे दोन हात गेले, चौकटचा एक जाणार हे दिसत होतं. म्हणजे प्रश्न उरला किलवरच्या राणीचा. फिनेस (राणी एका बाजूला आहे असं धरून गुलाम किंवा दश्शीनं हात काढायचा प्रयत्न) दोन्ही बाजूंनी करता येतो, आणि चुकला तर डाव एकानं पडतो.

पश्चिमेकडे बदाम लांब आहेत, म्हणून किलवर पूर्वेकडे जास्त असणार, म्हणून राणीही तिकडेच असण्याची शक्यता अधिक. हा विचार चुकीचा नाही. पण शक्यता कितीही चांगली असली तरी ती शक्यताच, आणि या डावात तिची गरजच नाही. मी दोन फेऱ्यांत हुकूम काढून घेतले, दोघांकडे दोन-दोन निघाले. मग चौकटचा एक्का, राजा, आणि तिसरी चौकट शांतपणे देऊन टाकली. आता ती कोणीही जिंको. बदाम आणि चौकट दोन्ही रंग माझ्याकडून आणि डमीतून संपलेत, हुकूम दोन्हीकडे शिल्लक आहेत. बदाम किंवा चौकट उतरली तर मी माझ्या किंवा डमीच्या हुकमानं मारते आणि दुसऱ्या बाजूची किलवर फेकते. किलवर उतरली तर राणी आपोआप पकडली जाते, कुठल्याही बाजूनं आली तरी. तिसरी चौकट पश्चिमेनं जिंकली, बराच वेळ विचार केला आणि किलवर उतरली. राणी त्याच्याचकडे होती, दुहेरीत, म्हणजे त्याच्याकडे किलवरची दोनच पानं होती.

दुसऱ्या टेबलावर हीच पानं विरोधी टीमकडे होती, तिथे त्यांच्या डिक्लेररनं (डाव खेळणाऱ्यानं) शक्यता बघून पूर्वेवर फिनेस केला आणि डाव एकानं पडला. आमचे ६२०, तिकडे आमच्या टीमला १००, मिळून ७२०, म्हणजे १२ आयएमपी (दोन टेबलांच्या फरकावरून टीमला मिळणारे गुण). आकडा मोठा आहेच, पण मला खरा आनंद झाला तो तिसरी चौकट टाकताना. पानं हातात असतानाच कळलं होतं की आता हा डाव पडणार नाही.

घरी मात्र वेगळी लढाई आहे. गावात पत्ते म्हणजे पारावरचा जुगार, आणि आजी अजून विचारते, "काय माय, पत्त्यायनं पोट भरते काय?" तिला मी जकार्ता सांगितलं. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजच्या पुरुष जोडीत सुवर्ण जिंकलं, बर्धन तेव्हा ६० वर्षांचे होते. आजीला सुवर्णापेक्षा साठी जास्त पटली. साठीतल्या माणसाला देश पाठवतो, म्हणजे काहीतरी डोक्याचं असणार, असं ती आता शेजारणीला सांगते. बाबांची अट बारावीच्या गुणांची आहे, आणि ती मला मान्य आहे.

पुढचं काम बचावाचं. एंडप्ले करता येतो, पण आपल्यावर कोणी करत असेल तर वेळेत ओळखता आलं पाहिजे. हातातला राजा लवकर टाकून सुटका करून घ्यायची, भिडूला आत येऊ द्यायचं, हे दादा आणि मी दोघांनाही शिकायचं आहे. त्यासाठी काकांनी डावांची एक वही दिली आहे, फक्त पश्चिमेच्या बाजूनं मांडलेली. दिवाळीच्या सुट्टीत दादा गावी येतोय. रात्री वीज असो-नसो, माडीवर बसून ती संपवायची.