आधी कान, मग पाय

गुहागर तालुक्यातील शाळेत बदली होऊन आलो, तेव्हा जाखडी या कोकणातल्या नाचाचे नाव मी केवळ ऐकलेले होते. साताऱ्याकडे लेझीम आणि गजीनृत्य पाहत वाढलेल्या मला वाटले, की ताल अंगात असला म्हणजे हाही नाच चार दिवसांत जमेल. त्याला आता तीन गणपती उलटले आहेत आणि मी अजून शिकतोच आहे.

मुंबईत ज्याला बाल्या नाच म्हणतात, तो हाच. शहरात घरकामाला राहणाऱ्या कोकणी गड्यांच्या कानांत बाळी असे, म्हणून त्यांना बाल्या म्हणू लागले आणि पुढे त्यांच्या नाचालाही तेच नाव चिकटले, असे सांगतात. मी मात्र वाडीतल्या जुन्या माणसांप्रमाणे जाखडीच म्हणतो. एकमेकांना जखडून नाचणे हे त्या नावातच आले आहे, आणि दुसऱ्याने दिलेल्या नावापेक्षा आपल्या कृतीवरून पडलेले नाव मला अधिक मानाचे वाटते.

भाताची लावणी आटोपली, की रात्री जेवणे उरकून आमची तालीम सहाणेवर, म्हणजे देवाची पालखी टेकवायच्या ओट्यावर, सुरू होते. मध्यभागी गाणारे बुवा, मृदंगवाला, झांजवाले आणि कोरसची मंडळी बसतात. त्यांच्याभोवती आठ-दहा जणांचा फेर फिरतो. प्रत्येकाच्या पायात चाळ बांधलेली असते. पहिल्या वर्षी मी सारे लक्ष पुढच्या गड्याच्या पायांवर ठेवले होते. पावले बरोबर पडत, पण गिरकीच्या वेळी मी नेहमी अर्धी मात्रा मागे राही, आणि साखळीत एक जण मागे राहिला की त्याच्या मागच्या प्रत्येकाला अडखळावे लागते. दोन रात्री बुवा काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या रात्री त्यांनी मला फेरातून बाहेर काढून मृदंगाजवळ बसवले आणि म्हणाले, “मास्तर, आदी कान द्या, पाय मागना येतील.”

आठवडाभर मी केवळ ऐकत बसलो. संथ चालीचा गण, मग गौळण, त्यानंतर पद. कडवे संपताना बुवांचा आवाज किंचित चढतो, झांज दाट होते आणि मृदंगावर थाप पडण्याआधीच अनुभवी नाचणाऱ्याच्या खांद्यात हालचाल होते, हे मला तेव्हा प्रथम उमगले. गिरकीची सूचना पुढच्या गड्याच्या पायांत नसते, ती शब्दांत असते. शब्द कळल्याशिवाय ती पकडता येत नाही, म्हणून अखेर मला शब्दांकडे वळावे लागले, आणि तिथे या नाचाचे खरे घर सापडले.

ते घर म्हणजे शक्ती-तुऱ्याचा वाद. शाहिरी परंपरेतील कलगी आणि तुरा हे दोन पक्ष कोकणात शक्तीवाले आणि तुरेवाले म्हणून नांदतात. शक्तीवाले प्रकृतीला, म्हणजे आदिमायेला श्रेष्ठ मानतात, तर तुरेवाले पुरुषाला, म्हणजे शिवाला. ‘शिव’मधला इकार काढला तर ‘शव’ उरते, हा मुद्दा आमचे बुवा आवेशाने मांडतात. त्यावर समोरचा तुरेवाला विचारतो, की पुरुषच नसता तर मायेने हा खेळ कोणाच्या आधाराने मांडला असता? दिवसभर शेतात राबलेली माणसे मध्यरात्री सांख्य तत्त्वज्ञानातला हा प्रश्न गाऊन सोडवत बसतात, पुराणातले दाखले एकमेकांपुढे टाकतात आणि चुकीचा दाखला दिला तर तिथल्या तिथे पकडले जातात. या परंपरेला ‘गड्यांची करमणूक’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी एक तरी सामना शेवटपर्यंत बसून ऐकावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गिरणगावात गेलेल्या चाकरमान्यांनी हा नाच मुंबईतही जिवंत ठेवला. परळचे दामोदर नाट्यगृह हे नमन या कोकणी लोकनाट्याच्या आणि शक्ती-तुऱ्याच्या प्रयोगांचे हक्काचे ठिकाण होते. त्याविषयी आमच्या वाडीतले निवृत्त गिरणी कामगार आजही गावच्या देवळाविषयी बोलावे तसे बोलतात. आता बॅन्जो आणि ऑक्टोपॅड आले आहेत, चित्रपटगीतांच्या चालीही येतात. चालींविषयी माझी तक्रार नाही. वाद्यांच्या आवाजाखाली शब्द बुडतात, याचे मात्र मला मनापासून दुःख होते, कारण शब्द ऐकू आले नाहीत तर सवालाला जबाब कसा देणार?

यंदा गणपतीच्या तिसऱ्या रात्री आम्ही घरोघर फिरत वाडीच्या टोकाला, समुद्राकडच्या शेवटच्या घरी पोहोचलो. पाऊस लागला होता, म्हणून खळ्याऐवजी पडवीतच फेर धरला. जागा इतकी अपुरी होती, की पुढच्याचे पाय दिसतच नव्हते. गौळणीचे तिसरे कडवे संपत आले, बुवांचा आवाज चढला आणि आम्ही नऊही जण एकाच वेळी वळलो. घरातल्या आजींनी आरतीच्या ताटात नारळ ठेवला आणि बुवांना म्हणाल्या, “आता गण परत म्हना, मी चुलीकडं व्हते.” बुवांनी मृदंगवाल्याकडे पाहिले आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.