उष्णतेचा जमाखर्च: आमच्या क्रायोजेनिक वर्कशॉपची वाटचाल

आमची नऊ जणांची कंपनी अमेरिकेत मेरीलँडमध्ये आहे, नासाच्या गोडार्ड अंतराळ केंद्रापासून फार लांब नाही. अंतराळ दुर्बिणींसाठीच्या क्ष-किरण स्पेक्ट्रोमीटरला, म्हणजे क्ष-किरणांची ऊर्जा बारकाईने मोजणाऱ्या उपकरणाला, थंड ठेवणाऱ्या यंत्रणेचे आतले भाग आम्ही डिझाइन करतो आणि इथेच बनवतो. आधाराचे केवलर या भक्कम कृत्रिम धाग्याचे दोर, उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या लवचिक पट्ट्या, हीट स्विच (उष्णतेची वाट हवी तेव्हा जोडणारे-तोडणारे), तारांचे जुडगे ही आमची कामं. अलीकडे चाचणीसाठी लागणारा अख्खा क्रायोस्टॅटही, म्हणजे आतली थंडी टिकवणारं निर्वात भांडंही, करतो. थंड म्हणजे किती, तर निरपेक्ष शून्याच्या वर अंशाचा फक्त विसावा भाग, म्हणजे ५० मिलिकेल्विन.

एवढी थंडी कशाला, हे आधी सांगितलं पाहिजे, कारण आमच्या धंद्याचं सगळं गणित तिथूनच सुरू होतं. १९८४ मध्ये मोझली, मॅथर आणि मॅकॅमन या शास्त्रज्ञांनी मायक्रोकॅलरीमीटरची कल्पना मांडली. क्ष-किरणाचा एकेक फोटॉन एका बारीकशा तुकड्यात शोषून घ्यायचा, तुकडा किती तापला ते मोजायचं आणि त्यावरून फोटॉनची ऊर्जा काढायची. लोखंडाच्या वर्णरेषेच्या आसपासचा, ६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा फोटॉन घ्या. एका जूलचे दहा कोटी-कोटी भाग केले, तर त्यातला जेमतेम एक भाग एवढी त्याची ऊर्जा. खोलीच्या तापमानाला तो आला काय आणि गेला काय, पत्ताही लागणार नाही. ५० मिलिकेल्विनला मात्र पदार्थाची उष्णता साठवण्याची क्षमता इतकी घसरलेली असते आणि उष्णतेचा स्वतःचा गोंगाट इतका शांत झालेला असतो, की तोच फोटॉन तापमान काही सहस्रांश अंशांनी वाढवून दाखवतो. क्ष-किरण दुर्बिणींतला नेहमीचा सीसीडी (कॅमेऱ्यात असतो तसा सेन्सर) या ऊर्जेला साधारण १३० इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचा फरक ओळखतो. मायक्रोकॅलरीमीटर ५ पर्यंत उतरतो. दीर्घिकांच्या समूहातला कोट्यवधी अंश तापलेला वायू किती वेगाने ढवळला जातोय, हे त्यामुळे पहिल्यांदाच थेट मोजता आलं.

मी मूळचा रत्नागिरीचा. वडील मिरकरवाडा बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात अमोनियाचे कॉम्प्रेसर सांभाळायचे. बर्फ जमला नाही की ते कॉम्प्रेसरला हात लावायच्या आधी टाकीभोवती फिरायचे, झाकणं बघायचे, भुशाचा थर कुठे ओला झालाय ते चाचपायचे. यंत्र किती थंड करतंय यापेक्षा ऊब कुठून शिरतेय हे आधी शोधायचं, ही त्यांची रीत. पुढे सांगलीला मेकॅनिकल झालो, अमेरिकेत एम.एस. केलं, क्रायोजेनिकच्या एका कंपनीत नोकरी धरली. तिथे गणितं अवघड होती, रीत तीच होती.

२००५ मध्ये मी त्या नोकरीत असताना जपानची सुझाकू दुर्बीण अवकाशात गेली. तिच्या आधीची ॲस्ट्रो-ई २००० साली प्रक्षेपणातच गमावली होती, त्यामुळे आमच्या छोट्याशा वर्तुळात सगळ्यांचं लक्ष सुझाकूकडे होतं. तिच्यावरच्या मायक्रोकॅलरीमीटरने ६० मिलिकेल्विन गाठले, कक्षेत ७ इलेक्ट्रॉनव्होल्टची क्षमताही दाखवली. आणि महिन्याभरातच थंडी राखणारा सगळा द्रवरूप हेलियम संपला. बाष्प होऊन बाहेर पडणारा हेलियम यानाच्या पोटातच साठत गेला आणि तिथून क्रायोस्टॅटच्या निर्वात पोकळीत परत शिरला. पोकळीत वायू आला की उष्णता वाहू लागते, की आणखी हेलियम उडतो. डिटेक्टर उत्तम होता, थंडी करणारी यंत्रणा उत्तम होती. घात झाला तो दोघांच्या मधल्या जागेत, वायू कुठून निघतो आणि पुढे कुठे जातो या प्रश्नापाशी.

त्या घटनेचा माझ्यावर जितका परिणाम झाला, तितका कुठल्या पुस्तकाचा झाला नसेल. ग्रीन कार्ड हाती आल्यावर मी स्वतःची कंपनी काढली. (त्याआधी काढणं अवघडच होतं. अंतराळाच्या कामावर इथे निर्यात-नियंत्रणाचे कडक नियम आहेत आणि छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी संशोधन योजनेतही मालकी नागरिकाची किंवा कायम रहिवाशाची लागते.) तेव्हाच एक नियम ठरवला: आपल्या भागाला जो-जो भाग टेकतो, त्याचं ड्रॉइंग पाहिल्याशिवाय कोटेशन द्यायचं नाही. धंद्याच्या दृष्टीने हा महागडा नियम आहे. "तुम्हाला पट्टी करायला सांगितलीय, पट्टी करा," असं तोंडावर ऐकावं लागलं. एका मोठ्या गिऱ्हाइकाने शेजारच्या भागाची माहिती द्यायला साफ नकार दिला, तेव्हा ती ऑर्डर आम्ही सोडली. महिन्याचं भाडं कसं भरायचं याची चिंता घरात असताना सोडली. पत्नी हिशेब बघत होती. ती म्हणाली, "नियम अडचणीत पाळायचा नसेल तर कशाला केलास?" आज आमच्या गुणवत्तेच्या सगळ्या नोंदी तीच सांभाळते. कुठला स्क्रू कुठल्या खेपेतला, कुणी किती टॉर्क देऊन आवळला, हे ती मिनिटात काढून देते.

सुरुवातीची कामं तांब्याच्या पट्ट्यांची होती. पातळ पत्र्यांचे थर एकावर एक ठेवून दोन्ही टोकं वितळजोड करायची, मधला भाग लवचिक ठेवायचा. दिसायला साधं काम, पण तांबं किती शुद्ध आहे आणि नीट तापवून मऊ केलंय का, यावर अतिशीत तापमानाला त्याची वाहकता कितीतरी पटींनी बदलते. पुढे सरकारी योजनेतून हीट स्विचसाठी पैसे मिळाले आणि विद्यापीठांचे गट आमच्याकडे येऊ लागले. वर्षभर काम मिळेल अशी खात्री मात्र अजूनही नसते.

गेली काही वर्षं आम्ही ज्या कामात बुडालोय ते सविस्तर सांगतो. एका संशोधन गटाला भावी अंतराळ दुर्बिणीच्या स्पेक्ट्रोमीटरसाठी प्रात्यक्षिक क्रायोस्टॅट हवा आहे. त्याचं डिझाइन आतून बाहेर करत जावं लागतं. मध्यभागी डिटेक्टर. त्या टप्प्यावर बाहेरून येणारी उष्णता एका मायक्रोवॅटच्या आत राहिली पाहिजे, आणि या एका मायक्रोवॅटमध्ये सगळ्यांचा वाटा बसवायचा: आधाराचे दोर, तारा, खिडकीतून येणारा प्रकाश, कंपनं. माझ्या टेबलावर कायम एक तक्ता असतो, त्यात प्रत्येक तारेच्या नावावर उष्णता लिहिलेली. कुणाला एक तार वाढवायची असेल तर त्याने कुठली कमी करणार ते सांगायचं.

५० मिलिकेल्विन गाठायला कुठलाही पंप पुरत नाही. तिथे चुंबकीय शीतकरण लागतं. विशिष्ट क्षाराचे स्फटिक तीव्र चुंबकक्षेत्रात ठेवायचे, त्यातून निघालेली उष्णता हीट स्विचमधून बाहेर काढायची, मग स्विच तोडून क्षेत्र हळूहळू उतरवायचं, की क्षार थंड होत जातो. हा क्षार म्हणजे आपल्याकडे दाढीनंतर लावतात त्या तुरटीच्याच कुळातला. सुझाकूवर लोह-अमोनियम तुरटी होती, नंतरच्या यंत्रांत क्रोम तुरटी आली. स्फटिकातलं पाणी उडालं की क्षार निकामी होतो, म्हणून क्षाराची गोळी हवाबंद करावी लागते, नि निर्वातात क्रायोस्टॅट तापवून कोरडा करायचा मोह आवरावा लागतो. लोहाची तुरटी तांबं खाते, म्हणून तिच्यात उष्णता वाहायला सोन्याच्या तारा घालतात. पहिल्यांदा सोन्याच्या तारांचं बिल आलं तेव्हा आमचा बँकवाला बुचकळ्यात पडला होता.

ही गोळी टांगायची कशी, हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. जाड आधार दिला तर उष्णता येते, बारीक दिला तर रॉकेटच्या हादऱ्यात तुटतो. केवलर ताकदीला भक्कम आणि उष्णतेला कंजूष आहे, पण कटकट्याही आहे. थंड झाल्यावर त्याची लांबी आकसण्याऐवजी किंचित वाढते, ताणाखाली तो महिनोन्महिने सरकत राहतो, हवेतला ओलावा पितो. आमच्याकडे हे काम करणारी बाई आधी अनॅपोलिसला शिडांच्या नौकांचे दोर बांधायची. ती धागा कोरडा करून, आधी ताणून, बसवून घेते, आणि मग खुंटीवर असा गुंडाळते की गाठीवर भार येतच नाही. तिच्या हाताचा ताण आणि मोजमापाचा आकडा जुळला की आम्ही पुढे जातो. हे काम यंत्राकडे द्यावं असं सुचवणारे पुष्कळ भेटतात. मी देणार नाही.

तारांचं तेच. ९ केल्विनच्या खाली निओबियम-टायटॅनियम अतिवाहक होतं, म्हणजे वीज विनारोध वाहते आणि उष्णता फारशी वाहत नाही. आमच्या गिऱ्हाइकाचे डिटेक्टर स्वतः अतिवाहक पातळ थरांचे आहेत, त्यांना चुंबकक्षेत्र अजिबात चालत नाही. आणि हातभर अंतरावर शीतकरणाचा चुंबक. म्हणून निओबियमचं एक कवच, त्याबाहेर चुंबकरेषा ओढून घेणाऱ्या मिश्रधातूचं दुसरं. बाहेरचे थर थंड ठेवणाऱ्या यांत्रिक शीतकांची (विजेवर चालणाऱ्या थंडीच्या पंपांची) थरथर डिटेक्टरला तापवते. २०१६ च्या हितोमी दुर्बिणीसाठी त्यावर कंपनरोधक बसवावे लागले होते, आम्ही ते पहिल्या दिवसापासून आराखड्यात धरलेत.

हितोमीचं नाव घेताना आजही वाईट वाटतं. १७ फेब्रुवारीला ती गेली, २६ मार्चला संपर्क तुटला. दिशा सांभाळणारी यंत्रणा चुकली, यान गरगर फिरलं आणि तुटलं. तेवढ्या वेळात पर्सियस या दीर्घिकांच्या समूहाचं निरीक्षण झालं होतं आणि वायूच्या वेगांची पसरण सेकंदाला सुमारे १६४ किलोमीटर निघाली, अनेकांच्या अपेक्षेपेक्षा शांत. त्या एका वर्णपटाने पुढची दुर्बीण पदरात पाडली असं मी मानतो. ती एक्सरिझम, ७ सप्टेंबर २०२३ ला जपानच्या तानेगाशिमा तळावरून गेली. ३६ पिक्सेल, ५० मिलिकेल्विन, आणि हेलियम संपल्यावरही यांत्रिक शीतकांवर चालत राहील अशी रचना. फक्त क्रायोस्टॅटच्या तोंडावरचं दार उघडलं नाही. प्रयत्न झाले, उघडलं नाही. दारात बेरिलियमची पातळ खिडकी आहे, तिच्यातून जास्त ऊर्जेचे क्ष-किरण येतात, त्यामुळे विज्ञान चालू आहे. पण सुमारे १.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या खालचं जवळपास सगळं अडतं.

दार ठेवायचंच कशाला, असं आमच्याकडेही कुणी विचारलं. जमिनीवर आत निर्वात आणि बाहेर वातावरण असतं. मधले फिल्टर (क्ष-किरण आत सोडणारे, उजेड आणि ऊब अडवणारे पातळ पडदे) इतके नाजूक की तो दाब सोसणार नाहीत, आणि थोडी जरी वाफ शिरली तर थंड फिल्टरवर बर्फ धरतं. म्हणजे दार हवंच. आमच्या आराखड्यात दार आमच्या वाट्याला नाही, दुसरी कंपनी करते. तरी त्याचं ड्रॉइंग, त्याच्या मोटरच्या तारा, उघडताना बसणारा झटका, हे सगळं आमच्या तक्त्यात आहे. त्या कंपनीच्या इंजिनिअरने आधी थोडी कुरकुर केली. आता दर गुरुवारी तोच फोन करतो.

मराठी मुलांकडून इथे नोकरीविषयी विचारणा होते. निर्यात-नियमांमुळे मी बहुतेकांना घेऊ शकत नाही, याचं मनापासून वाईट वाटतं. त्यांना मी मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था सुचवतो. २०१५ च्या ॲस्ट्रोसॅटवरची मृदू क्ष-किरण दुर्बीण तिथे घडली, तिचा सीसीडी उणे ८० अंशांच्या आसपास ठेवतात. ५० मिलिकेल्विनपासून ते दूर आहे, पण ऊब कुठून येते हे शोधायला शिकायचं तर तिथेही शिकता येतं.

सध्या आमच्या क्रायोस्टॅटचं बाहेरचं भांडं लीक टेस्टमधून पार झालंय, आतले दोर ताणून ठेवलेत. चुंबक यायचा आहे. तो आला की आधी डिटेक्टरशिवाय थंड करू, तक्त्यातला एकेक आकडा प्रत्यक्षाशी ताडून बघू, आणि जुळला तरच संशोधन गटाला डिटेक्टर घेऊन बोलावू.