आमची वाटचाल : दुरुस्तीकडून निर्मितीकडे

आमच्या व्यवसायाची सुरुवात फर्निचर बनवण्यापासून झाली नाही. ती मोडलेले फर्निचर दुरुस्त करण्यापासून झाली. डुगडुगणाऱ्या खुर्च्या, मध्येच खचलेले सोफे, दार लोंबकळणारी कपाटे आणि तडकलेली टेबले हीच आमच्या कार्यशाळेतील पहिली कामे होती. वस्तू उलटी करून, तिचे कापड सोडवून किंवा पाठीची फळी काढून पाहिल्याशिवाय दुरुस्ती करता येत नाही. त्यामुळे दर्शनी पॉलिशच्या मागे काय दडलेले असते, याचा अभ्यास आपोआप होत गेला. पुढे आम्ही स्वतः वस्तू घडवू लागलो, तेव्हा बहुतेक निर्णय याच अनुभवातून घेतले गेले.

पहिला निर्णय लाकडाच्या ओलाव्याविषयी होता. ताज्या तोडलेल्या लाकडात पाण्याचे प्रमाण ३० टक्क्यांहून बरेच अधिक असू शकते. घरात वापरायच्या वस्तूंसाठी ते हवामानानुसार साधारण ८ ते १२ टक्क्यांपर्यंत खाली यावे लागते. तसे न झाल्यास लाकूड घरात आल्यावर वाळते, आकसते आणि सांधे सैल करते. शिवाय नीट वाळवलेले लाकूडही ऋतूप्रमाणे फुगते आणि आकसते. मात्र हा बदल लाकडाच्या रेषांच्या (तंतूंच्या) आडव्या दिशेने लक्षणीय, तर लांबीच्या दिशेने नगण्य असतो. ओलाव्यात ४ टक्क्यांचा फरक पडला, तर ९० सेंटिमीटर रुंदीच्या भरीव लाकडी टेबलाची रुंदी आठ-नऊ मिलिमीटरने बदलू शकते. म्हणूनच आम्ही ओलावा मोजण्याचे यंत्र यंत्रसामग्रीच्या यादीत सर्वांत वर ठेवले, आणि टेबलाचा वरचा भाग चौकटीला लांबट छिद्रांतून स्क्रूने जोडण्याची पद्धत पत्करली, जेणेकरून लाकडाला हालचालीस वाव राहील. टेबल विकत घेताना खाली वाकून ही जोडणी अवश्य पाहावी. वरचा भाग चारही बाजूंनी गोंदाने घट्ट चिकटवलेला असेल, तर तडा जाण्याची शक्यता गृहीत धरावी.

भरीव लाकूड उत्तम आणि बाकी सारे दुय्यम, ही समजूत मात्र आम्हाला मान्य नाही. रुंद दारांसाठी आणि कपाटाच्या सांगाड्यासाठी प्लायवूड अनेकदा अधिक भरवशाचे ठरते, कारण त्यातील थरांच्या रेषा एकमेकींना काटकोनात असल्याने ते फारसे वाकत नाही. चांगल्या प्लायवूडवर लावलेले व्हेनिअर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, हीही फसवणूक नसते. ते भरीव लाकूड म्हणून विकणे ही फसवणूक. फरक ओळखायचा असेल, तर फळीची कड पाहावी: भरीव लाकडात वरच्या पृष्ठभागावरील रेषा कडेवरून पुढे जातात, व्हेनिअरमध्ये त्या कडेशीच तुटतात. लाकडाचा चुरा गोंदाने दाबून केलेला पार्टिकल बोर्ड स्वस्त आणि सपाट असतो, पण त्यात स्क्रूची पकड कमकुवत असते आणि उघड्या कडेतून पाणी शिरले की तो फुगतो व पुन्हा मूळ जाडीवर येत नाही. त्यामुळे कडांवरील पट्टी सर्व बाजूंनी, अगदी तळाशी आणि पाठीमागेही, लावलेली आहे का, हे पाहणे आवश्यक ठरते. वजनावरून दर्जा ठरवणारे ग्राहक आजही भेटतात. लाकडाचे बारीक तंतू गोंदाने दाबून केलेला एमडीएफ बोर्डही चांगलाच जड असतो, एवढेच आम्ही त्यांना नम्रपणे सांगतो.

पुस्तकांच्या मांडण्यांबाबत आमचे ग्राहकांशी सर्वाधिक मतभेद होतात. लांबलचक, आधाराविना तरंगणारी फळी छायाचित्रात सुंदर दिसते. परंतु फळीची लांबी दुप्पट करून ती सर्व लांबीभर तशाच पुस्तकांनी भरली, तर तिचा बाक, म्हणजे मध्यभागी खाली झुकणे, सुमारे सोळापट होतो. जाडी निम्मी केली, तर तो आठपट होतो. म्हणून लांब फळीला मधला आधार किंवा पुढच्या कडेखाली उभी पट्टी दिल्याशिवाय आम्ही काम स्वीकारत नाही, मग काम हातचे गेले तरी चालेल.

खुर्ची तपासताना ती सपाट जमिनीवर ठेवून तिरप्या कोपऱ्यांवर आळीपाळीने दाब द्यावा आणि पाठ धरून हलकेच मागेपुढे ढकलावी. केवळ खिळ्यांवर किंवा स्टेपलवर उभी असलेली जोडणी तेथेच बोलू लागते, तर एका तुकड्याची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून गोंदाने पक्का केलेला सांधा निश्चल राहतो. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढून त्याचा तळ पाहावा. तो बाजूंच्या खाचेत सरकवलेला असावा, नुसता खालून ठोकलेला नसावा.

सोफ्याच्या बाबतीत फोमची घनता आणि त्याचा कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कमी घनतेचा फोमही दुकानात कडक वाटू शकतो, पण नित्य वापरात लवकर बसतो. बैठकीसाठी आम्ही ३२ किलो प्रति घनमीटरपेक्षा कमी घनतेचा फोम वापरत नाही.

हे सारे तोंडी सांगून ग्राहकांच्या लक्षात राहत नाही, असे दिसल्यावर आम्ही प्रत्येक बिलावर सांगाडा, दारे, पाठ आणि तळ यांसाठी वापरलेले साहित्य, लाकडाची जात आणि फोमची घनता स्वतंत्रपणे लिहू लागलो. सुरुवातीला काही ग्राहकांना पाठीची फळी पातळ प्लायवूडची आहे हे वाचून आश्चर्य वाटले आणि क्वचित घासाघीसही झाली. तरीही ती नोंद आम्ही कायम ठेवली आहे, कारण दुरुस्तीची वेळ आली तर कोणता भाग कशाचा आहे, हे आम्हालाही त्याच कागदावरून कळते.